आजोबांच्या विहिरीतल्या शेंदराच्या रेघा: जमीन आपल्याला घडवते की आपण जमिनीला?

माळवीमाती (इंदूर) · १४ एप्रिल, सकाळी ७:४०

मंडळी, नमस्कार.

देपालपूरच्या अलीकडे आमची थोडी शेती उरली आहे. तिथली जुनी विहीर साफ करून घ्यावी म्हणून भाऊ आणि मी गेल्या रविवारी गेलो होतो. पायऱ्यांची विहीर, सगळी काळ्या दगडात बांधलेली. काठावरच्या एका दगडाला मोटेच्या दोरानं घासून पडलेली खाच आहे. माझं अख्खं बोट तिच्यात मावतं. दोरानं दगड एवढा कापायचा तर किती बैलजोड्या धावेवरून खाली-वर गेल्या असतील, याचा विचार करतच मी उतरले.

आत डाव्या भिंतीवर आजोबांच्या खुणा आहेत. दर अक्षय्य तृतीयेला पाणी जिथे असेल तिथे ते छिन्नीनं आडवी रेघ मारायचे, तिच्यात शेंदूर भरायचे आणि शेजारी संवत कोरायचे. पहिली रेघ संवत २००९ ची, म्हणजे १९५२. ती चौदाव्या पायरीशी आहे. शेवटची २०३९ ची, १९८२. ती एकतिसाव्या पायरीशी. मधल्या रेघा वर-खाली होतात, एखाद्या चांगल्या चौमाशानंतरची रेघ चार पायऱ्या वर चढलेलीही दिसते, पण एकूण चाल खालीच. १९८३ ला बाबांनी बोरिंग केलं, त्यानंतर एकही रेघ नाही. आज चव्वेचाळिसाव्या पायरीखाली नुसता गाळ आहे.

त्याच तीस वर्षांत आमच्या घरातही सगळं हललं. ज्वारी गेली, सोयाबीन आलं. बैल गेले, ट्रॅक्टर आला. भाकरीची परात माळ्यावर गेली. दोन काका इंदूरला आले, मग आम्हीही आलो. पायऱ्यांवर बसून मला एकच प्रश्न पडला: पाणी खाली गेलं म्हणून आम्ही बदललो, की आम्ही बदललो म्हणून पाणी खाली गेलं?

तुमच्या घरात, गावात, मोहल्ल्यात दोन-तीन पिढ्यांत जमिनीनं माणसांना आणि माणसांनी जमिनीला कसं बदललं, ते लिहा ना. पुस्तकातलं नको, डोळ्यांनी पाहिलेलं किंवा घरात ऐकलेलं.

रामबागी · १४ एप्रिल, ८:१५

"मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर." शाळेत प्रत्येक भाषणाची सुरुवात याच ओळीनं व्हायची. ताई, तुमच्या आजोबांनी त्या 'पग पग नीर'चा हिशेब ठेवला म्हणायचा. रेघांचे फोटो टाका.

पोह्यांवर_जिरावण · १४ एप्रिल, ९:०२

उत्तर सरळ आहे भिया. सोयाबीननं माळवा खाल्ला. आमच्या मामांकडे सांवेरला खरिपात निम्मी जमीन मोकळी असायची, निम्मीत ज्वारी, मूग, तूर, थोडा कापूस. आता जूनमध्ये बघाल तिकडे एकच पीक. जमिनीला विसावाच नाही.

वखर · १४ एप्रिल, ११:३०

मी आयुष्यभर शेतीखात्यात काम केलं, आता निवृत्त आहे. जिरावण, तुमच्या मामांची जमीन खरिपात मोकळी का असायची, ते आधी पाहू, कारण ताईंच्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे.

आपली काळी माती लाव्ह्याच्या दगडाची झीज होऊन झालेली. चिकण मातीचा अंश फार. उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खोल उतरतो. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतरचं पाणी आत शिरायला तयार नसतं, वरून वाहून जातं. अशा चिखलात पेरायला वाफसाच मिळायचा नाही. म्हणून भारी जमिनीचा शेतकरी पावसाळाभर रान पडीक ठेवायचा, उघडीप मिळाली की वखर फिरवायचा, तण मारायचा, ओल धरून ठेवायचा. त्या ओलीवर ऑक्टोबरमध्ये गहू आणि हरभरा. एकाही पाण्याशिवाय. माळव्याचा कठिया गहू त्यातूनच आला: कोरडवाहू, दाणा कडक, काचेसारखा.

म्हणजे वर्षात एक पीक घ्यायचं, चार महिने वखर हाकायचा आणि कार्तिकाची वाट बघायची, हे वेळापत्रक मातीनं माणसाला घालून दिलेलं होतं.

साठच्या दशकाच्या अखेरीस जबलपूरच्या कृषी विद्यापीठानं अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं पिवळं सोयाबीन पुढे आणलं. ते नव्वद-शंभर दिवसांत निघतं, थोडंफार पाणी साचलेलं सोसतं, आणि दसऱ्यापर्यंत रान मोकळं करून देतं. पडीक महिने भरून निघाले. शेतकऱ्याच्या हातात दिवाळीआधी रोख पैसा आला, तो पहिल्यांदाच. तेलाचे कारखाने उभे राहिले. १९८७ ला सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदूरलाच आलं.

आता खरी गोष्ट. सोयाबीन पावसावर येतं, विहिरीचं पाणी ते पीत नाही. पण त्यानं जमिनीतली ओल घेतली, त्यामुळे मागून येणारा गहू बिनपाण्याचा येईना. त्याला चार-पाच पाणी लागू लागली. कठिया सुटला, पाण्याचे गहू आले. त्या पाण्यासाठी बोरिंग. ताई, तुमच्या रेघा तिथे थांबतात.

पोह्यांवर_जिरावण · १४ एप्रिल, १२:१०

म्हणजे शेवटी सोयाबीनच ना?

वखर · १४ एप्रिल, १२:४५

नाही. आणि पडीक रानाला 'विसावा' म्हणायचाही मोह आवरा. चार महिने उघडी, वखरलेली जमीन, उताराची, वरून माळव्याचा पाऊस. मातीचा वरचा पोत नाल्याला जायचा. मी स्वतः पाहिलंय, एका सरीत सबंध नाला कॉफीच्या रंगाचा व्हायचा. सोयाबीनच्या पानांनी ती माती झाकली, हे त्याचं ऋण आहे. जुनी पद्धतही जमीन झिजवतच होती, फक्त हळू. चूक आहे ती एकाच पिकावर सगळ्यांनी, सगळ्या जमिनीत, पन्नास वर्षं राहण्याची.

माईंची_भाकरी · १४ एप्रिल, दुपारी ३:२०

वखरदादांचं बरोबर, पण ज्वारीबरोबर आणखी काय गेलं ते बायकांना विचारा.

आमच्या सासूबाई सांगायच्या, ज्वारीची कणसं घरात आणि कडबा गोठ्यात. दोन्ही पोटं एकाच ताटावर भरायची. सोयाबीनचं कुटार जनावर नाक मुरडून खातं, त्यात कडब्याची सर नाही. ज्वारी गेल्यावर कडबा विकत आणायची वेळ आली, मग आधी बैलजोडी गेली, नंतर म्हशी. गोठ्यात जनावर नाही म्हणजे शेण नाही. शेण नाही म्हणजे उकिरडा नाही. उकिरडा नाही म्हणजे शेतात गोणीतलं खत. त्यांच्या आठवणीत नांगराच्या तासामागे बगळे चालायचे, इतकी गांडुळं होती. मी लग्न होऊन आले १९९१ ला, तेव्हा बगळे होते. आता ट्रॅक्टरमागे एखादा दिसतो.

आणि बाफले! आमच्याकडे पाहुण्यांना माळवी बाफल्यांचं कौतुक. पण बाफला खरा होतो तो कठिया गव्हाच्या रवाळ पिठाचा, हाताला खरखरीत लागणाऱ्या. आधी पाण्यात उकडायचा, मग भाजायचा, मग तुपात बुडवायचा. कडक दाण्याचं पीठ आहे म्हणून ते सोसतं. मऊ गव्हाचा केला तर उकडतानाच त्याची लापशी होते. आपली महाराष्ट्रातली माणसं इकडे आली आणि बाफले खायला लागली, ते जमिनीनंच शिकवलं ना?

रामबागी · १४ एप्रिल, ३:४१

माईंनी दुपारी साडेतीनला बाफल्याचं नाव काढलं. आता मी ऑफिसात काय काम करणार!

शिल्लक_वाळू · १४ एप्रिल, संध्याकाळी ६:०५

मी बांधकामातला. काळी माती घरं कशी घडवते, ते आमच्या धंद्यात रोज दिसतं. फुगते-आकसते, त्यामुळे पाया उथळ असला की पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग. म्हणून काळी माती पूर्ण काढून मुरमापर्यंत जायचं, नाहीतर पाइल, म्हणजे खोलवर उतरवलेले खांब, घ्यायची.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. जेल रोडच्या मागे एक वाडा पाडताना मी पाहिला: खाली दगडी जोतं, वर सागवानाचे खांब आणि तुळया, भिंती नुसत्या मध्ये भरलेल्या. जमीन हलली तर लाकडाचे सांधे थोडे हलतात, पण घर उभं राहतं. इंदूरचा होळकरांचा राजवाडाही खालचे तीन मजले दगडाचा, वरचे चार लाकडाचा होता. १९८४ च्या आगीत वरचं बरंच जळलं. आता सगळं सिमेंटचं. ते वाकत नाही, तडकतं. मग माणूस म्हणतो, ठेकेदारानं खाल्लं! कधी ते खरंही असतं, पण पुष्कळदा खालची माती बोलत असते.

लष्करकर (ग्वाल्हेर) · १५ एप्रिल, सकाळी ७:१५

आमच्याकडे उलटी कथा. तुमच्याकडे माती फुगते, आमच्याकडे ती विरघळते. चंबळेकाठी भुरभुरीत गाळाची जमीन, नदी खोल गेलेली, पावसाचं पाणी तिला मिळायला धावतं ते जमीन कापत. मुरैना-भिंडचे बीहड त्यातून झाले. माझे आजोबा तिकडे पटवारी होते. ते सांगायचे, नकाशात आहे ते शेत जागेवर सापडायचं नाही. मालक सारा भरायचा आणि शेत घळीत गेलेलं असायचं. जमिनीच्या वादातून बंदुका आणि बंदुकांसाठी लपायला पुन्हा त्याच घळी.

ऐंशीच्या दशकात विमानातून विलायती बाभळीचं बी टाकलं. ती रुजली, इतकी की आता दुसरं काही रुजू देत नाही. आणि आता बुलडोझर. घळी सपाट करून मोहरी पेरतात. दोन-चार वर्षं पीक छान येतं, मग एका मोठ्या पावसात बांध फुटतो आणि घळ आपल्या जुन्या जागी परत.

एक लक्षात घ्या, चंबळ निघते तुमच्या महूजवळच्या जानापावहून. तुमच्याकडचं पाणी आमची जमीन कापतं.

माळवीमाती · १५ एप्रिल, ८:००

लष्करकर, हे वाचून अंगावर काटा आला. नकाशात आहे आणि जागेवर नाही... आजोबांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत का? नसतील तर ठेवा, मी मनापासून सांगते.

वडाखाली (वडोदरा) · १५ एप्रिल, ११:२०

आम्हीही येतो मध्ये. विश्वामित्रीच्या काठाला कोतरं आहेत, लहान लहान घळी. पुराचं पाणी त्यांत पसरायचं आणि मगरीही तिथेच. माणूस आणि मगर एकाच शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले. सयाजीरावांनी १८९० च्या दशकात आजव्याचा तलाव केला तो शहराला पाणी पाजण्यासाठी, आणि अजून पाजतोय. पण कोतरं भरून सोसायट्या झाल्या. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी सोसायटीत आणि पाण्याबरोबर मगर अंगणात. आमच्या शेजारच्या आजी गॅलरीतून म्हणाल्या, "ती चुकून आली नाही हो, तिचंच घर आहे इथं." शहराचं नाव वडावरून, पण जुने वड आता मोजावे लागतात.

खतखड्डा · १५ एप्रिल, दुपारी १:३०

माईंनी उकिरड्याचं काढलं म्हणून लिहितो. इंदूरकरांना स्वच्छतेचा पहिला नंबर माहीत असतो, पण जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत 'इंदूर पद्धत' म्हणून आपल्या गावाचं नाव आहे, हे किती जणांना माहीत आहे?

इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इथे आले. होळकर दरबारानं दिलेल्या जमिनीवर वनस्पती-उद्योग संस्था निघाली, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे. कापसाचं संशोधन करायचं होतं, पण त्यांचं लक्ष मातीवर गेलं. शेतातला पालापाचोळा, कापसाच्या पऱ्हाट्या, तण, गोठ्यातलं शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख. हे थराथरानं उथळ खड्ड्यात रचायचं, ओलावा राखायचा, तीनदा पालटायचं. तीन महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत. पऱ्हाट्या कडक असतात म्हणून आधी रस्त्यावर टाकायच्या, गाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चिरडल्या जायच्या. ही युक्ती मला फार आवडते.

१९३१ साली त्यांनी यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर यावर पुस्तक काढलं. १९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले, तेव्हा तेही हे काम बघून गेले. आणि हॉवर्ड हे कुठून शिकले? बरंचसं इथल्याच शेतकऱ्यांकडून. माळव्याच्या मातीनं शेतकऱ्याला शिकवलं, शेतकऱ्यानं हॉवर्डना, आणि हॉवर्डनी जगाला. मग आपण गोणीतलं खत घ्यायला रांगेत उभे राहिलो, याचं मला मनापासून दुःख होतं.

पोह्यांवर_जिरावण · १५ एप्रिल, १:५२

हे माहीत नव्हतं. त्या रस्त्यावरून वीस वर्षं जातोय. धन्यवाद भिया.

खानकाठ · १५ एप्रिल, रात्री ९:४०

मी इंदूरच्या खान नदीच्या काठी वाढलो. वडील तिच्यात पोहायला शिकले. आम्ही तिला नाला म्हणूनच ओळखलं.

१९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारानं दरबाराला इंदूरचा अहवाल दिला. तो गल्लीबोळांतून पायी हिंडला होता. नदीकाठ मोकळा ठेवा, बागा करा, जुनी वस्ती सरसकट पाडू नका, विहिरी-तलाव जपा, असा एकूण रोख. प्लेगच्या दिवसांत त्यानं दिवाळीची मिरवणूकही काढली होती, उंदराच्या आणि प्लेगच्या राक्षसाच्या प्रतिमेसह, आणि मिरवणुकीचा रस्ता स्वच्छ मोहल्ल्यांतून. लोकांनी आपापली गल्ली घासून पुसून काढली.

आता आजच्या खानची गंमत ऐका. १९७० मध्ये इंदूरकरांनी नर्मदेसाठी आंदोलन केलं, १९७८ ला पाणी आलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उचलायचं, विंध्य चढवायचा, सत्तरेक किलोमीटर आणायचं. नर्मदा पश्चिमेला वाहते, अरबी समुद्राला. पण आपण तिचं पाणी प्यालो, भांडी घासली, आंघोळ केली, की ते खानमध्ये जातं. खान क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. म्हणजे इंदूरच्या मोरीतून नर्मदेची एक धार बंगालच्या उपसागराकडे वळली आहे. लाखो वर्षांचा विंध्याचा पाणलोट आपण पंपांनी ओलांडला. २०१४ पासून तर क्षिप्रेतही नर्मदा सोडतात, उज्जैनच्या घाटावर भाविक स्नान करतात ते पुष्कळदा नर्मदेचंच.

लष्करकर (ग्वाल्हेर) · १५ एप्रिल, १०:०५

म्हणजे आमच्या बीहडाखालून इंदूरचं नर्मदेचं पाणी जातं! नमस्कार करतो उद्या.

शिल्लक_वाळू · १५ एप्रिल, १०:३०

खानकाठ, एक विचारतो. नर्मदा आली नसती तर इंदूर एवढं वाढलं असतं का? माझं मत, नाही. आणि एवढं वाढलं नसतं तर बिलावली, पिपल्यापाला, सिरपूर हेच आपले तलाव राहिले असते, लोकांनी ते जपले असते. नळ आला आणि बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, कचऱ्याची झाली.

जुनी_छत्री · १६ एप्रिल, सकाळी ६:५०

बावडीचं नाव निघालं म्हणून एवढंच लिहिते. २०२३ च्या रामनवमीला इंदूरच्या बेलेश्वर महादेव मंदिरातला जो स्लॅब खचला, त्याच्याखाली बावडी होती. ३६ माणसं गेली. वर उभ्या असलेल्यांपैकी कित्येकांना खाली विहीर आहे हेच माहीत नव्हतं. माझ्या ओळखीच्या घरातलं माणूस त्यात होतं. मी तेव्हापासून कुठल्याही जुन्या अंगणात पाय ठेवताना विचारते, इथे खाली काय आहे?

माळवीमाती · १६ एप्रिल, ७:३०

छत्रीताई, काय लिहू. आमच्या लोकमान्यनगरच्या घराच्या कोपऱ्यावरही एक बुजवलेली विहीर आहे. मी आज तिच्याबद्दल शेजाऱ्यांना सांगणार आहे.

धाकटी_पाती (देवास) · १६ एप्रिल, दुपारी २:१५

उशिरा आलो. देवासचा अनुभव लिहिल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही.

१९९० च्या उन्हाळ्यात आमच्या शहराला रेल्वेनं पाणी आणलं. मी नववीत होतो. टँकरच्या डब्यांची गाडी स्टेशनात लागली की वडील सायकलला दोन डबे लावून निघायचे. आणि हे त्या माळव्यात, जिथे पावलोपावली पाणी म्हणत. बोरिंग पाचशे-सहाशे फुटांवर गेली होती. खाली बेसाल्ट आहे, त्यात पाणी मावतं ते फटींत आणि झिजलेल्या वरच्या थरात. खोल जाल तसा दगड घट्ट. आमच्या टोंकखुर्दच्या आतेभावानं एका शेतात सात बोअर मारली, सहा कोरडी. कर्जापायी बायकोचे पाटल्या-गोठ गेले.

२००६ पासून वारं फिरलं. तेव्हाच्या कलेक्टरांनी मोठ्या शेतकऱ्यांना गाठून सांगितलं की आपल्या जमिनीच्या दहाव्या हिश्श्यात तलाव खणा, पावसाचं पाणी अडवा, बोअरवर पैसे घालू नका. तलावाला नाव दिलं रेवासागर, आणि खणणाऱ्याला भगीरथ कृषक. आतेभाऊ आधी हसला. चांगली जमीन पाण्याखाली कोण घालतो? मग शेजाऱ्याचं बघून त्यानंही खणला. काळी माती तळाला आपोआप बसते, पाणी फारसं मुरत नाही, म्हणून अस्तर लागलं नाही. जी माती पाणी आत घेत नाही म्हणून आपण रडत होतो, तीच तलावाचं भांडं झाली.

पहिल्याच रब्बीत त्याचा गहू तलावावर निघाला. दुसऱ्या वर्षी बदकं उतरली. त्याच्या मुलानं हिवाळ्यात पहिल्यांदा सारस पाहिले आणि घरी येऊन सांगितलं, "माझ्याएवढा पक्षी आहे!"

वखर · १६ एप्रिल, ३:००

पाती, हे फार मोलाचं. काळ्या मातीचा जो दोष तोच गुण, हे मी तीस वर्षं शेतकऱ्यांना सांगत आलो, पण असं भांड्याचं उदाहरण मला सुचलं नाही. एक जोड: सारस इंदूरजवळच्या यशवंतसागर तलावावरही आहेत. होळकरांनी गंभीर नदी अडवली ती शहरासाठी, पण पक्ष्यांनी ती आपली मानली. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर दोन्ही रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेले. माणसानं केलेले तलाव आहेत हे, निसर्गाचे नाहीत.

होळकरी_हिशेब · १६ एप्रिल, रात्री ८:३०

ताई, तुमच्या विहिरीबद्दल एक शंका. एवढी मोठी बांधीव विहीर, मोटेची खाच इतकी खोल. नुसत्या भाज्यांसाठी किंवा उसाच्या वाफ्यासाठी वाटत नाही. गहू तर तेव्हा कोरडवाहू. एकोणिसाव्या शतकात माळव्यात विहिरी बांधल्या गेल्या त्यांतल्या पुष्कळ अफूसाठी. अफूला खत हवं आणि पाणी वारंवार हवं. सावकार पैसे द्यायचा, पीक चीनला जायचं, दरबाराला महसूल. १९१३ मध्ये चीनची वाट बंद झाली आणि हळूहळू अफू मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्यापुरती राहिली. विहिरी मात्र उरल्या. आपल्याकडे जे 'पूर्वापार' वाटतं, ते पुष्कळदा कुठल्यातरी दूरच्या बाजाराची खूण असतं. आज सोयाबीनचं तेल आणि पेंड, तेव्हा अफूची गोटी.

घरात जुने कागद असतील तर मोडी वाचणारा गाठा.

माळवीमाती · १६ एप्रिल, ९:१५

अफू! आजी 'अफूचा वाफा' म्हणायची विहिरीच्या उत्तरेच्या तुकड्याला. मला वाटायचं नुसतं नाव आहे. कागदांची एक पेटी भावाकडे आहे. बघते.

पोह्यांवर_जिरावण · १७ एप्रिल, सकाळी ८:२०

मी पहिल्या दिवशी म्हणालो होतो उत्तर सरळ आहे. माघार घेतो. मामांशी काल फोनवर तासभर बोललो. ते म्हणाले, यंदा दोन बिघे ज्वारी आणि तूर घालून बघतो, कडबा निघाला तर गाय आणू. माई, बियाणं कुठे मिळेल?

माईंची_भाकरी · १७ एप्रिल, ९:००

माझ्या नणंदेकडे जुनी, उंच ताटांची ज्वारी आहे, दाणा थोडा पण कडबा गोड. कळवते. पहिली भाकरी मात्र आमच्याकडे पोचली पाहिजे.

माळवीमाती · ३० एप्रिल, रात्री १०:१०

आज अक्षय्य तृतीया. भावाला घेऊन पुन्हा गेले. पंधरा दिवस गडी गाळ काढत होते. गाळ सगळा उत्तरेच्या वाफ्यात पसरला आहे, काळा, लोण्यासारखा.

चव्वेचाळीस नाही, बावन्न पायऱ्या निघाल्या. आणि एकोणपन्नासाव्या पायरीशी, गाळाखाली, आणखी एक रेघ. शेंदूर नाही, नुसती छिन्नी. शेजारी '५६'. भावानं हातानं चिखल पुसला तेव्हा आम्ही दोघंही गप्प झालो. संवत १९५६, छपन्याचा दुष्काळ. आजोबांचा तेव्हा जन्मही नव्हता. म्हणजे रेघ मारायची रीत त्यांची नव्हती, त्यांनी ती वरून कुणाकडून तरी घेतली होती.

पाणी आज एक्कावन्नाव्या पायरीशी आहे. छपन्याच्या रेघेच्या दोन पायऱ्या खाली. गेल्या चौमाशाला आमच्या गावात कुणी दुष्काळ म्हणणार नाही.

भावानं २०८२ कोरलं, मी शेंदूर भरला. धाकट्या पातीच्या आतेभावाशी बोलणं झालं आहे. दक्षिणेच्या सखल कोपऱ्यात अर्ध्या बिघ्याचा तलाव खणायचा ठरतोय. काकांची संमती अजून यायची आहे, त्यांना जमीन बुडवणं पटत नाही. मी त्यांना विहिरीत घेऊन जाणार आहे, गुडघे दुखत असले तरी हळूहळू.

वखर · ३० एप्रिल, १०:४०

ताई, जूनमध्ये भेगा मिटण्याआधी, पहिल्या दोन सरींनंतर पुन्हा मोजा. मग दिवाळीला. वर्षातून एक रेघ आता पुरायची नाही.

माळवीमाती · ३० एप्रिल, १०:४४

मोजते. छिन्नी विहिरीवरच्या कोनाड्यात ठेवून आले आहे.